बाळंतिणीच्या खोलीतली तूर

माझ्या पहिल्या बाळंतपणात खोलीत आम्ही चौघं होतो. मी, बाळ आणि तुरीचे दोन रांजण.

निजामाच्या राज्यात तेव्हा धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची सरकारी वसुली, होती. लेव्हीची माणसं आली की घरात सापडेल ते मोजून नेत. पालमकडच्या आमच्या कोरडवाहू रानात पेरायला बी घरचंच लागायचं, बाजारात त्याची बोंब होती. सासूबाई बियाणाची तूर उन्हात वाळवायच्या, सावलीत पार गार करायच्या, मग राखेत घोळून रांजणात भरायच्या आणि तोंड शेणमातीनं लिंपायच्या. गरम भरली तर आत घाम सुटतो आणि बी किडतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

त्या चैत्रात तूर अंगणात तापत असतानाच लेव्हीवाले शेजारच्या गावात आल्याची खबर आली.

"गार तर होऊ द्या," सासूबाई म्हणाल्या.

"ते थांबणार हायेत का तुमच्या तुरीसाठी?" सासरे ओरडले.

झालं. गरम तूर तशीच रांजणात गेली आणि रांजण आले माझ्या खोलीत. बाळंतिणीच्या खोलीत कुठलाच पुरुष पाऊल टाकत नाही, ही सासऱ्यांची अक्कल. तिथं बाजेखाली शेकाची शेगडी सतत पेटलेली असते, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. एक रांजण माझ्या बाजेला चिकटून ठेवला, दुसरा दारापाशी.

लेव्हीवाले आले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "आत वली बाळंतीन हाय. इटाळ हाय." ती माणसं मागं सरली, पण गावातून हलली नाहीत. चावडीतच मुक्काम ठोकला त्यांनी. आता रांजण ना उघडता येत होते, ना हलवता.

बाजेजवळच्या रांजणाला हात लावला तर तो चांगलाच ऊन लागायचा. दुपारी घर निजलं की आतून भुंग्यांची कुरकुर ऐकू यायची.

"आत्याबाई, शेगडी न्या. बी मरायलंय," मी सासूबाईंना म्हणाले.

"अन् लेकरू गारठलं म्हंजी?"

"ह्या उन्हाळ्यात?" मी फटकन बोलले.

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि शेगडी उचलून नेली. तेवढ्यात बाळ शिंकलं. आता सांगते, मी त्यांना परत हाक मारणार होते. ओठ चावून पडून राहिले.

लेव्हीवाले गेले तसे सासूबाईंनी रांजणांची लिंपलेली तोंडं फोडली. बाजेजवळच्यात राखेचे ओले गोळे आणि भुंगेच भुंगे. दारापाशीची तूर दिसायला बरी होती, पण दिसण्यावर कोण पेरतो? त्यातली मूठभर त्यांनी ओल्या फडक्यात बांधून माझ्या उशाशी ठेवली.

मग सासरे येता-जाता दाराशी घुटमळू लागले. स्वतःच्याच युक्तीमुळं त्यांना आत येता येत नव्हतं. मला हसूही यायचं आणि रागही.

एका सकाळी सासूबाईंनी फडकं उलगडून बघितलं. पदर डोळ्यांना लावला.

"उगवली का?" बाहेरून सासऱ्यांनी विचारलं. "अगं, उगवली का?"

तोवर मी सासऱ्यांशी कधी एक शब्द बोलले नव्हते. सासूबाईंच्या हातातलं फडकं मी ओढून घेतलं. पांढरे बारीक मोड आले होते.

"उगवली, मामंजी," मी म्हणाले. "पर औंदा अर्धंच रान पेरा."