वाढदिवसाची कैरी

पहिली मुलगी माझ्यासमोर गेली. तिचे ओठ आणि नखं निळीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी झाली होती. शेजारच्या खाटेवर तिची मैत्रीण होती. तिचाही रंग तसाच. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. अंगावर नवी साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा. पोलिसात मी पुढे पुष्कळ प्रेतं पाहिली, पण तो रंग अजून डोळ्यांपुढून गेलेला नाही.

डॉक्टरांनी वाढदिवसाच्या मुलीचं रक्त काढलं. ते लाल नव्हतं, काकवीसारखं तपकिरी होतं. ते मला म्हणाले, "बाई, यांच्या पोटात काय गेलंय ते शोधून आणा. एक औषध माझ्या मनात आहे. पण विष दुसरंच असलं तर त्या औषधानंच ही मरेल. अंदाजानं सुई टोचता येत नाही. आणि हिच्याकडे फार वेळ नाही."

ही गोष्ट सोलापूरची, सत्तर सालानंतरच्या एका उन्हाळ्यातली. मी तेव्हा शिपाई होते. ठाण्यात बाई एकटी मीच. बाई मेली, पळाली, सापडली, काहीही झालं तरी बोलावणं मला. बाकीचे शिपाई चेष्टा करायचे, "अक्का, तुमचं गिऱ्हाईक आलंय, उठा." त्या दिवशी दवाखान्याची वर्दी आली तेव्हा कोणी चेष्टा केली नाही.

तिघी मैत्रिणी नवी पेठेत शिवणक्लासला जायच्या. सोळा-सतरा वर्षांच्या. त्या काळी मुलीचा वाढदिवस म्हणजे घरी औक्षण, फार तर शिरा. या तिघींनी क्लास बुडवला आणि घरी न सांगता हॉटेलात गेल्या. ते हॉटेल तेव्हा नवं होतं. खाली खाणं आणि वर माडीवर खेळ. नाणं टाकलं की लोखंडी गोळी खिळ्यांमधून धावायची, असं एक यंत्र मालकानं मुंबईहून आणलं होतं. छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचे, रिंग टाकून साबणाची वडी जिंकायची. कॉलेजची मुलं तिथं पडून असायची. नुसत्या मुली कधी यायच्या नाहीत. या आल्या, भजी मागवली, बराच वेळ खेळल्या, हसल्या, आणि माडीचा जिना उतरताना दोघी कोसळल्या. तिसरीला काही झालं नाही.

साहेबांनी आधी हॉटेलमालकाला धरलं. पण तीच भजी खाल्लेली बाकीची गिऱ्हाइकं ठणठणीत होती. मग तिथल्या वेटरनं खबर दिली.

"सायेब, आमच्या भज्यांवर कशाला येताय? त्येंनी कैरी खाल्ली की! ती तिसरी घरनं घिऊन आलती, चिरून, वर मीठ-चटणी लावून. मी मनलं बी, ताई, भायेरचं हितं खायाचं न्हाय. तर वाढदिवसवाली मनती, मग तुमच्या भज्यांना तोंडी लावतो की! दोघींनी कागद चाटूनपुसून साफ केला. तिसरीनं बोट बी लावलं न्हाय."

तिसरीला आम्ही साक्षीदार म्हणून ठाण्यात आणून बसवलं होतं. वेटरच्या एका वाक्यानं ती आरोपी झाली. त्यात वाढदिवसाच्या मुलीच्या भावानं भर घातली. तो म्हणाला, या तिसरीला पाहायला आलेल्या मुलानं तिला सोडून वाढदिवसाच्या मुलीलाच पसंत केलं होतं. साहेबांना तेवढं पुरे झालं. त्यांनी तिला समोर उभी केली.

"तू का नाही खाल्लीस?"

"सोमवार हाय, सायेब. उपास."

"उपास तुला, आणि कैरी घेऊन आलीस?"

"तिला आवडती. वाढदिवस हुता तिचा."

"त्या मुलानं तिला पसंत केलं. राग आला असेल."

"आला की. लई आला. बोलत न्हवते तिच्यासंगं. मग तीच घरी आली, मनली, तुज्या त्या टकल्याला म्या बी न्हाय म्हनून सांगितलं. लई हसलो आमी."

"कैरी कुठली?"

"मंडईतली."

"चटणी?"

"घरची. अव्वानं कुटल्याली."

"मीठ?"

ती गप्प झाली.

"मीठ कुठून आणलं?"

"घरातलं."

"कोणत्या दुकानातलं?"

ती खाली बघत राहिली. साहेबांनी टेबलावर हात आपटला, फासाचं नाव काढलं. ती रडली, पण बोलली नाही.

मी शेजारी उभी होते. खोटं बोलणारा माणूस सगळीकडे थोडंथोडं खोटं बोलतो. ही पोर आपल्या रागाचंसुद्धा खरं सांगत होती आणि एकाच जागी अडत होती. असा माणूस दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मी साहेबांना म्हणाले, "जीप द्या. हिच्या घरी जाऊन येते." ते म्हणाले, "जा. पंच बरोबर घे. आणि मिठाचा डबा जप्त करून आण."

घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. मुलीची आई, तिची अव्वा, भांडी घासत होती. पोरगी क्लासला गेली आहे असंच तिला वाटत होतं. मी मीठ दाखव म्हटलं तर ती हसली.

"मीठ मागायला जीपमदनं आलाव व्हय, बाई?"

तिनं डबा काढून दिला. मीठ किंचित पिवळट होतं. कोपऱ्यात लोणच्याची मोठी बरणी होती. तिच्या तोंडावर बांधलेलं फडकं तपकिरी पडलं होतं. जवळ वाकले तर वास नाकात झोंबला.

"हे काय?"

"वरसाचं लोनचं. परवाच घातलंया. फोडी पोरीनंच केल्या, मीठ बी तिनंच लावलं. उनानं फसफसलंय वाटतं."

"मीठ याच डब्यातलं?"

"व्हय. जेवनाला अजून जुनंच हाय, ह्ये नवं लोनच्यासाठी काढलं."

"लोणचं कोणी खाल्लं?"

"मुरल्याबिगर कोन खातंय?"

मला तिथंच कळलं, विष मिठातच होतं. मैत्रिणीला मारायला विष आणणारी मुलगी तेच विष आपल्या घरच्या वर्षाच्या लोणच्याला लावत नाही. तिला माहीत नव्हतं. माहीत कोणाला होतं, एवढंच राहिलं.

आतल्या खोलीत बाप कारखान्यातल्या पाळीहून येऊन आडवा झाला होता. तो उठून आला. त्याचे हात कोपरापर्यंत तांबडे होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मीठ किराण्याच्या दुकानातलं हाय."

"सुताला रंग देतोस ना तू?"

"व्हय."

"तुझ्या पोरीची एक मैत्रीण मेली. दुसरी मरायला टेकली आहे. तुझी पोरगी ठाण्यात उभी आहे आणि तुझं नाव घेत नाही. आता सांग मीठ कुठलं."

बायको त्याच्याकडे बघून कानडीत काहीतरी बोलली. मला कानडी येत नाही, पण ते समजलं. तो खाली बसला.

"रंगाला मीठ लागतंय, बाई. पोतीच्या पोती येत्यात. समदे घरी नेत्यात. धन्याला कळलं तर कामावरनं काढंल म्हनून पोरीला बजावलं हुतं, कुनाला सांगू नगं. ह्या बारीला कोपऱ्यातलं पोतं फुटल्यालं हुतं, त्यातनं भरलं. तांबड्या रंगाला एक खार लागतो, त्यो बी असाच दिसतो." मग तो स्वतःच म्हणाला, "त्योच असंल."

मी त्याला डब्यासकट जीपमध्ये घातलं. बरणी पंचांच्या ताब्यात दिली. दवाखान्यात त्यानं डॉक्टरांना खाराचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी पुढचं ऐकलं नाही, सुई मागवली. ते औषधही निळंच होतं. शिरेतून गेलं. मी त्या मुलीच्या नखांकडे बघत बसले. काही वेळानं त्यांत गुलाबी दिसायला लागलं.

शुद्धीवर आल्यावर तिनं मैत्रिणीचं नाव घेतलं आणि कुठं आहे म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. बाहेर मेलेल्या मुलीची आई ओरडत होती, "हाटेलात कशाला गेली गं, हाटेलात कशाला गेली?" लपवून काय होणार होतं.

डबा आणि बरणी तपासणीला पुण्याला गेली. अहवाल तोच आला. बापावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. त्याचं कामही गेलं. कारखान्याचा धनी वर चोरीची फिर्याद घेऊन आला. साहेबांनी त्याला विचारलं, "विषाचं पोतं आणि मिठाचं पोतं शेजारी शेजारी. खूण काय ठेवली होती तुम्ही?" तो फिर्याद न देताच परत गेला. साहेब रागीट होते, पण सरळ होते.

मी जमादार म्हणून निवृत्त झाले. चौकशीचं मला जे थोडंफार कळलं त्यातलं बरंचसं त्या दिवशी कळलं. समोरचा माणूस गप्प बसला की आपण धरून चालतो, हा गुन्हा लपवतोय. गरीब माणूस पुष्कळदा भाकरी लपवत असतो. फास त्याला लांबचा वाटतो, काम जाणं जवळचं वाटतं. त्यात मैत्रीण मरत असली तरी सोळा वर्षांच्या पोरीला बापाचं काम मोठं वाटतं, आणि त्यासाठी तिला वाईट म्हणायचं कारण नाही. त्यानंतर कोणी असा एकाच प्रश्नावर अडला की मी त्याला आधी विचारायचे, तुझ्या घरी कमावतं कोण? बहुतेक वेळा तिथून पुढे बोलणं सुरू व्हायचं.

तिघींपैकी दोघी जगल्या. जिचा वाढदिवस होता ती, आणि जिनं कैरी आणली ती.