दुर्वाची फाईल आणि मंगळवारचं बाकडं

सरकारी कागदाला एकटं राहणं जमत नाही. त्याला दुसरा कागद जोडावा लागतो, आणि दोघांच्या मधे टाचणीत एक किस्सा अडकून येतो. माझ्याकडे तांदळाची एक पिशवी भरून कागद आहेत. किस्से त्याहून जड.

फाईल माझ्या नातीची, दुर्वाची. वय सात, ऑटिझम. तिला बोलता येतं, पण ते तिचं बोलणं नव्हे. कानावर पडलेलं जसंच्या तसं परत देते, त्याच सुरात. देवळातलं गाऱ्हाणं ऐकून आली की आठ दिवस सुनेच्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा". सून म्हणते, या घरात माझं ऐकणारी ही एकटीच.

दर मंगळवारी तिला मी मांद्र्याहून डिचोलीला, स्पीचवाल्या बाईंकडे नेते. विमा मिळाला तर मंगळवार चालू, नाही तर बंद. मी चौथी शिकलेली, पुढचं शिक्षण भज्यांच्या पुडीच्या कागदांवर झालं. तरी बाईंच्या दारातल्या बाकड्यावर बसणारे आईबाप मला आपली वकील समजतात. मीही समजते.

*

पहिल्यांदा विम्याचा फॉर्म भरला, तर खिडकीतल्या क्लार्कने परत केला. "बरे होण्याची अपेक्षित तारीख" हा कॉलम म्हणे रिकामा. मी सांगितलं, हा ताप नव्हे उतरायला. ती अशीच जन्मली, अशीच मोठी होणार. तो म्हणाला, कॉम्प्युटर रिकामं घेत नाही.

"मग तुझ्या रिटायरमेंटची तारीख घाल, पुता," मी म्हटलं. "बघूया आधी कोण सुटतो."

त्याने खरंच घातली! कॉम्प्युटरनेही मुकाट घेतली. तेव्हा सरकारदरबारी माझी नात तेवीस वर्षांनी बरी होणार आहे, पेन्शनसकट.

*

बाकड्यावर माझ्या शेजारी बसते ती सुरेखा. मूळ गडहिंग्लजची, नवरा इथे गोव्यात, तुयेच्या कारखान्यात. तिच्या ओंकारचा अपंगत्वाचा दाखला काढायला गेली, तर इथे म्हणाले, तुमच्या गावी जा. गावी गेली, तर तिथे म्हणाले, राहता तिथे काढा. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले. भांडायला मी पदर खोचला, तोच ही बया शांतपणे म्हणाली,

"आंबोली घाटात टेबल टाका की सायेब. गावचे सायेब तिकडनं येतील, तुमी हिकडनं या. मी पोराला घेऊन मधी बसते."

साहेब हसला. हसलेल्या माणसाला नियम वाचून दाखवणं सोपं जातं. राहतो तिथेच अर्ज घ्यायचा, असं त्यांच्याच भिंतीवर चिकटवलेलं होतं, कॅलेंडरच्या मागे. कॅलेंडर मी उचलून धरलं.

*

बाकड्यावरच्याच आमोण्याच्या आबांचा नातू दाखल्याच्या फोटोला कॅमेऱ्याकडे बघेना. बघतो फक्त फिरत्या पंख्याकडे. शेवटी आबांनी फोटोग्राफरच्या डोक्यामागे टेबलफॅन धरला. डोळे झकास आले, पण केस सगळे मागे उडालेले. खिडकीत विचारलं, हे काय?

आबा म्हणाले, "आमचं घर नदीकाठी आहे."

*

मग दुर्वाचा क्लेम अडकला. चौकशीला एक नंबर होता. महिनाभर रोज सकाळी फोन स्पीकरवर लावून मी भाजी चिरायला बसायची, आणि आतली बाई गोड आवाजात सांगायची की आमचा कॉल त्यांना फार महत्त्वाचा आहे.

"महत्त्वाचा आहे तर उचल गो बाये," मी ओरडायची.

मुलगा म्हणाला, आई, ते मशीन आहे. मला काय कळत नव्हतं? पण ओरडायला समोर माणूसच पाहिजे असं थोडंच आहे. दुर्वा मात्र उंड्याची कडक कड चघळत फोनशेजारी पडून असायची. तिच्याइतक्या सबुरीने तो पाव कोणी खाल्ला नसेल आणि तो फोन कोणी ऐकला नसेल.

*

शेवटी उत्तर आलं ते पत्राने. क्लेम नामंजूर. रिपोर्टनुसार मुलगी पूर्ण वाक्ये बोलते, सबब स्पीच थेरपीची गरज दिसत नाही.

मी पिशवी घेतली, दुर्वाला घेतलं आणि पणजीचं विम्याचं ऑफिस गाठलं. साहेब माणूस सभ्य होता, हेच वाईट. सभ्य माणसाशी भांडता येत नाही.

"आज्ये, ती बोलते. ही चांगली गोष्ट नव्हे?"

"चांगलीच. तुम्हीच दोन शब्द बोलून बघा."

म्हटलं खरं, पण जुगारच तो. हिच्या तोंडून आता काय निघेल ते हिच्या देवालाही ठाऊक नसतं, आणि सगळे मंगळवार त्यावर टांगलेले.

साहेब खाली वाकले. "बाय, नांव कितें तुजें?"

दुर्वाने खिडकीकडे बघत गोड आवाजात सांगितलं, "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"राहतेस कुठे?"

"हमारे सभी अधिकारी अभी व्यस्त हैं."

मागच्या टेबलावर कोणीतरी खोकलं. साहेबांनी चष्मा पुसला, आणखी एकदा विचारून पाहिलं. इथे येऊन किती वेळ झाला?

"कृपया प्रतीक्षा करें."

साहेबांनी फाईल ओढली. "नामंजूर"वर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि शिक्का हाणला. शिक्क्याचा आवाज झाला तशी दुर्वा म्हणाली, "धन्यवाद. आपका दिन शुभ हो."

"थँक यू, मॅडम," साहेब म्हणाले, आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.