अग्निहोत्रींचं नेहमीचं टेबल

ॲन आर्बरच्या मराठी मंडळात उल्का अग्निहोत्री प्रसिद्ध होती ती तिच्या खोट्या माशांमुळे. सुरणाचे काप ती कोकमाचं आगळ, लसूण आणि घरच्या मसाल्यात असे मुरवायची, रव्यात घोळवून तव्यावर असे कुरकुरीत करायची, की डोळे मिटून खाल्ले तर सुरमईच.

"काकू, फक्त काटे घालायचे राहिलेत बघा," नवीन आलेली आयटीतली पोरं म्हणायची.

उल्का हसायची. माहेरची ती अलिबागची टिपणीस. सोमवार-गुरुवार सोडले तर ज्या घरात मासळीशिवाय जेवण उठलं नाही, त्या घरातली. पुण्याला शिकायला गेली, तिथं अरुण भेटला आणि अग्निहोत्रींच्या घरात सून म्हणून जायची वेळ आली, तेव्हा सासूबाईंनी एकच वाक्य उच्चारलं होतं. "मुलगी पसंत आहे. मासळी चालणार नाही."

ते एक वेळ तिनं मनावर घेतलंही नसतं. पण अरुण म्हणाला, "आईचं राहू दे गं. मलाच तो वास सहन होत नाही. पोटात ढवळतं."

त्याच्या पोटात ढवळतं म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. त्या वयात माणूस मासेच काय, समुद्रही सोडून देतो.

अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात एकदा मात्र तिचा पाय घसरला होता. आईनं परकराच्या घडीत सोड्यांची, म्हणजे सोललेल्या सुक्या कोलंबीची, पुडी लपवून दिली होती. अरुण दिवसभरासाठी डेट्रॉइटला ट्रेनिंगला गेलेला. हिनं सोड्यांची खिचडी टाकली. संध्याकाळी तो दारातच थबकला, नाकाला मफलर लावला आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून राहिला. बाहेर बर्फ पडत होतं. उल्कानं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, पडदे धुतले, कार्पेटवर खाण्याचा सोडा टाकून ते घासलं आणि उरलेले सोडे कचऱ्याच्या पेटीत ओतले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते थंडीमुळे असं तिनं स्वतःला सांगितलं. तेव्हापासून घरात वास नाही.

पुढे तिला शाळेच्या कॅफेटेरियात नोकरी लागली. शुक्रवारी मुलांना फिश स्टिक्स असायच्या. हातमोजे घालून ती शेकडो स्टिक्स वाढायची, एकही तोंडात टाकायची नाही. आणि शुक्रवारी घरी आली की चहा नाही, बसणं नाही, आधी डोक्यावरून अंघोळ. अरुणनं कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. तो फक्त वाट बघत असायचा, बाथरूमचं दार वाजायची.

अरुण गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीचा एक कारखाना फ्रान्समध्ये, व्हिल्नोव्ह नावाच्या गावाशेजारी. या नावाची गावं तिकडे ढिगानं आहेत म्हणे. हे त्यातलं एक बारकं, नदीकाठचं. अरुण वर्षातून दोन-तीनदा जायचा आणि दर वेळी उल्काचा जीव खालीवर व्हायचा. तिकडं शाकाहारी माणसाला कोण विचारतं? ती दशम्या करायची, भडंग, उपम्याचं कोरडं पीठ आणि मोठी बाटली भरून मेतकूट. बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहायची, 'मेतकूट – अरुण'.

"खाल्लंस काय तिथं?" आल्यावर ती विचारायची.

"ब्रेड आणि चीज. दुसरं काय मिळणार?"

ती लगेच वरणभाताचा कुकर लावायची. बाटल्या कधी परत यायच्या नाहीत. हॉटेलवर राहिली म्हणायचा. पुरुषांना डब्याची किंमत कुठं असते, म्हणून तीही सोडून द्यायची.

तर या वसंतात अरुण निवृत्त होणार होता. काम सोपवायला एकदा शेवटचं व्हिल्नोव्हला जायचं होतं. उल्का म्हणाली, या वेळी मीही येते.

"तू? कंटाळशील यार तिथं. काही नाहीये."

"तुझं मन रमलं ना इतकी वर्षं? मग मीही रमेन."

गाव तिला आवडलंच. दगडी पूल, शेवाळलेली घरं, चौकात चिनाराची झाडं. खाण्याचे मात्र हाल. आत शिरताना आधी 'बोंझूर' म्हणायचं, नाहीतर बाई ढुंकून बघणार नाही. दुपारी दोनला स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. पाच मिनिटं उशिरा गेलं तर वेटर घड्याळाकडे असं बोट दाखवतो, जणू आपण त्याच्याकडे उसने मागायला आलोय. ब्रेड थेट टेबलक्लॉथवर ठेवतात. शेजारच्या टेबलाखाली लोकांची कुत्री झोपलेली. हिरवं सॅलड मागवलं तर तळाला बेकनचे तुकडे निघाले. ते अरुणनं काट्यानं एकेक उचलून बशीच्या कडेला ठेवले, तोंड वाकडं करत. मग दोघांनी चीजमध्ये भाजलेले बटाटे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही बटाटे. तिसऱ्या दिवशी उल्काच्या पोटात बटाटे ठाण मांडून बसले.

चौकाच्या कोपऱ्यावर लाल छताचं एक छोटं रेस्टॉरंट होतं. खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. उल्कानं दोनदा तिकडे बोट दाखवलं.

"तिथं नको," अरुण म्हणाला. "तिथं आपल्यासारखं काही मिळत नाही."

चौथ्या दिवशी तो सकाळी कारखान्यात गेला. "जेवण कॅन्टीनमध्येच करीन, तू खाऊन घे काहीतरी." उल्का नदीवर फिरली, चर्च बघितलं, एक टोपी घेतली. भूक लागली तेव्हा बेकरी बंद झालेली. चौकात आली आणि उभी राहिली.

वास येत होता. लसूण, लोणी, आणि त्याच्या खालून दुसरा एक, ओला, खारट. भरती ओसरल्यावर अलिबागच्या किल्ल्याच्या वाटेवर येतो तसा. त्या गावापासून समुद्र कुठल्या कुठे लांब. पण तिचे पाय लाल छताकडे वळले. खायचं नव्हतं तिला, शपथेवर. नुसतं बसायचं होतं त्या वासात थोडा वेळ. सूप घेईन म्हणाली मनात.

दार ढकललं, 'बोंझूर' म्हणाली, आणि समोर खिडकीजवळच्या टेबलाशी पाठमोरा एक माणूस दिसला. मान ओळखीची. मानेवरचा तीळही.

माणसाचं मन किती हलकं असतं बघा. उल्कानं पहिल्यांदा बघितलं ते समोरच्या खुर्चीकडे. कोण बाई आहे? खुर्ची रिकामी होती. तिला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी टेबलावरचं काळं पातेलं दिसलं.

पातेलं शिंपल्यांनी भरलेलं होतं. काळे, उघडलेले, आत केशरी मांस. अरुणच्या गळ्यात पांढरा नॅपकिन खोचलेला. त्याच्या उजव्या हातात एक रिकामा शिंपला होता; त्याचाच चिमटा करून तो दुसऱ्या शिंपल्यातलं मांस अलगद ओढून काढत होता. तोंडात टाकलं, रिकामं कवच न बघता बशीत भिरकावलं, पुढचा उचलला. काटा नाही, चमचा नाही. बेकनचा तुकडा काट्याच्या टोकानं उचलणारा हाच हात. लहानपणी अलिबागच्या मागच्या अंगणात आत्यानं उल्काला शिंपल्यांतल्या तिसऱ्या खायला अशाच शिकवल्या होत्या. दोन दिवसांत येत नाही ते. त्याला मुरावं लागतं.

तिच्या हातातली टोपी खाली पडली.

काउंटरमागून सत्तरीची एक ठेंगणी बाई आली. उल्काकडे बघितलं, अरुणकडे बघितलं, पुन्हा उल्काकडे, आणि मोडक्या इंग्रजीत ओरडलीच, "मदाम अग्निओत्री! शेवटी आणलं यांनी तुम्हाला!"

अरुण वळला. हनुवटीवर रस ओघळलेला.

"उल्का," तो म्हणाला. मग नॅपकिननं हनुवटी पुसत, "तू इथं कशी?"

बाईचं नाव सोलांज. तिनं उल्काच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, तिला रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि धावत जाऊन फळीवरून काहीतरी आणलं. उल्कासमोर ठेवलं. पिवळ्या झाकणाची बाटली. चिकटपट्टीवर तिचंच अक्षर: 'मेतकूट – अरुण'.

"पिवळी पावडर! तुम्हीच ना करता? मी ब्रेडवर लोणी लावते, वर ही घालते. माझी गिऱ्हाइकं विचारतात, सोलांज, हे काय? मी सांगत नाही." फळीवर तशाच जुन्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एकीत मीठ, एकीत कॉफी, एकीत काड्यापेट्या. आता सोलांज मदामसाठीही एक पातेलं आणणार होती. 'मस्यूंचं नेहमीचं', म्हणजे साहेबांचं. ती आत गेली.

दोघं समोरासमोर बसले.

"कधीपासून?" उल्कानं विचारलं.

"पहिल्यांदा आलो तेव्हा मॅनेजर घेऊन आला. थंडी होती. भूक लागली होती. नाही म्हणता येईना."

"आणि पोटात ढवळलं नाही?"

"उल्का, हळू बोल."

"इथं कुणाला मराठी कळतंय? कुत्र्याला? ढवळलं का नाही ते सांग."

"थोडंसं. मग नाही."

"घरी आल्यावर का नाही बोललास?"

"आई होती तेव्हा. कसं बोलणार?"

"आई जाऊन आठ वर्षं झाली अरुण."

त्यानं नॅपकिन काढला, घडी घातली, उलगडला. "मग उशीर झाला होता. काय सांगणार होतो तुला? की तू उगाच सोडलंस?"

हा माणूस तिला आता लबाडही वाटेना. त्यानं हे असं म्हटलं, जणू तिच्याच काळजीपोटी इतकी वर्षं लपवलं. आणि कदाचित त्याला तसंच वाटतही होतं. हेच जास्त भयंकर होतं.

पातेलं आलं. झाकण काढल्यावर वाफेबरोबर सगळं अलिबाग तिच्या तोंडावर आलं. सोलांज कमरेवर हात ठेवून उभी. उल्कानं बाह्या वर सारल्या. खाणार. याच्या नाकावर टिच्चून खाणार, बशीत कवचांचा ढीग करणार. बोटं काही विसरली नव्हती. एक शिंपला चिमट्यासारखा धरला, दुसऱ्यातलं मांस ओढलं, तोंडात टाकलं.

आणि गिळता येईना.

मऊ, बुळबुळीत काहीतरी जिभेवर पडून होतं. पोटातून एक उमासा वर आला, अगदी खरा. तिनं नॅपकिन तोंडाला लावला आणि त्यात ते टाकलं.

"मदाम?" सोलांज घाबरली.

नवऱ्याचं खोटं तिनं एक वेळ पचवलंही असतं. पण ही जीभ तिची होती. अरुणच्या ज्या खोट्यासाठी तिनं मासे सोडले, ते खोटं तिच्या अंगात खरं होऊन बसलं होतं. त्याच्या पोटात ढवळत नव्हतं. तिच्या ढवळत होतं.

"खा," ती शेवटी म्हणाली, पातेलं त्याच्याकडे सरकवत. "गार होतील."

आणि त्यानं खरंच एक उचलला.

ती उठून बाहेर आली. नदीकाठच्या बाकावर बसून तिनं शिकागोला मुलीला फोन लावला. तिकडं सकाळ होती. स्वानंदी ऑफिसला निघाली होती. उल्कानं जमेल तसं सांगितलं.

"आई, वेट," स्वानंदी म्हणाली. "यू डिडन्ट नो?"

"म्हणजे?"

"बाबा इकडे आले की आम्ही सुशी खायला जातो. एव्हरी टाइम. आय थॉट यू न्यू. आय थॉट तुला आवडत नाही, म्हणून घरी नाही."

"मला आवडत नाही?"

"आई, इट्स जस्ट फूड."

उल्कानं विचारलं, "शुक्रवारी शाळेतून घरी आले की मी आधी काय करायचे, आठवतं तुला?"

"शॉवर," स्वानंदी पटकन म्हणाली. मग पलीकडून नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. "ओह," ती म्हणाली. "ओह, आई."

परतीच्या विमानात अरुणनं दोनदा माफी मागितली, एकदा चहा आणून दिला. घरी पोचल्यावर शनिवारी ती गाडी काढून एकटीच गेली आणि कोरियन दुकानातून सुकवलेली कोलंबी घेऊन आली. सोडे नव्हते ते, पण जवळचे नातेवाईक होते. तिनं ते भिजत घातले, कांदा लाल केला, आईसारखी खिचडी टाकली. झाकणाखालून पहिली वाफ आली तशी तिच्या पोटात ढवळलं. तिनं ओट्याची कड घट्ट धरली आणि उभी राहिली.

अरुण स्वयंपाकघराच्या दारात आला. सवयीनं त्याचा हात खिडकीच्या कडीकडे गेला.

"बंद राहू दे," उल्का म्हणाली.

"अगं, पडद्यांना वास लागेल."

"लागू दे."

दोघं जेवायला बसले. उल्कानं एक सोडा भाताच्या घासात पुरून गिळला. वरून पाणी प्याली. दुसरा चावला, डोळे मिटून, आणि तो गेला खाली. तिसऱ्याला हात थांबला. तिनं सगळे वेचून ताटाच्या कडेला ठेवले, बेकनच्या तुकड्यांसारखे.

अरुणचं ताट चाटूनपुसून साफ झालं होतं. त्यानं तिच्या ताटाकडे बघितलं. "तुला जात नसतील तर मी घेतो," असं म्हणत त्यानं हात पुढे केला.

उल्कानं त्याच्या मनगटावर चापट मारली. अशी जोरात, की दोघंही दचकले.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "माझे आहेत ते."