कोलशेतच्या बॅटऱ्यांचा विमा

विमावाल्यांची गंमत अशी, की जे शंभरदा जळालंय त्याचा विमा ते हसत काढतात आणि जे नवीन आहे त्याला घाबरतात. लाकडाच्या वखारीचा त्यांना पिढ्यान् पिढ्यांचा अंदाज असतो. विजेच्या रिक्षांच्या बॅटऱ्यांचा कुठून असणार?

दीप्ती वाघमारे ठाण्यातल्या अशाच एका कंपनीत जोखमीची पाहणी करते. कळव्याची, तोंडाने फटकळ, कामाला चिवट. कोलशेतला परशुराम भोईरांचं बॅटरी केंद्र आहे. बत्तीस रिक्षावाले तिथे उतरलेली बॅटरी देतात आणि भरलेली घेऊन धंद्याला लागतात. गेल्या वर्षी तिथल्या एका चार्जिंगच्या कपाटातून धूर निघाला. आग लागली नाही, पण पाहणीच्या अहवालात 'कारण अज्ञात' असं आलं आणि यंदा कंपनीने पॉलिसी नाकारली. पॉलिसी नसेल तर महिनाअखेर गाळा खाली करा, असं जागामालकाने बजावलं.

"कारणच माहीत नाही, तर उद्या पुन्हा होणार नाही कशावरून?" दीप्तीचे साहेब हरिहर म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. म्हणून ती कारण शोधायला निघाली.

कपाटं ठीक, पंखे ठीक, वायरिंग ठीक. शेवटी तिने धूर निघाल्याची तारीख विचारली. दसऱ्याचा दुसरा दिवस. तिचे वडील कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला तिथली यंत्रं हारांनी झाकलेली तिने लहानपणी पाहिली होती.

"परशुरामभाऊ, कपाटाची पूजा केलेली का?"

परशुराम जमिनीकडे बघू लागले. "केलेली. जाळीवर झेंडूचा जाडजूड हार घातलेला. सुकल्याशिवाय हार उतरवत नाय आम्ही. तसंच चार्जिंग लावलेलं."

"मग आमच्या माणसाला का नाही सांगितलं?"

"साहेब येणार म्हणून सगळं पुसून चकाचक केलेलं. हसतील वाटलं, मॅडम."

दीप्तीला हसू आलं आणि रागही आला. गरम हवा जायची वाटच बुजवली, तर बॅटरी तापणारच. तिने समोर उभं राहून जाळीवर पुठ्ठा लावायला सांगितला. अर्ध्या तासात आतलं तापमान चढलं. पुठ्ठा काढला, उतरलं. दोन्ही आकडे तिने अहवालात घातले, खाली तीन अटी लिहिल्या: पूजा टेबलावर मांडावी, जाळी कायम मोकळी ठेवावी, कपाट तापलं की भोंगा वाजावा.

हरिहरांनी अहवाल दोनदा वाचला. मग सही केली. "पॉलिसी देऊन टाक. आणि हा कागद सगळ्या शाखांना पाठव, तुझ्या नावाने. नवीन यंत्र आलं की यंत्राआधी माणसांना विचारायचं, हे आम्हाला सुचलं नव्हतं."

अकरा वर्षांत दीप्तीने लोकांना बहुतेक नकारच कळवले होते. त्या दुपारी तिने कोलशेतला फोन लावला.

"भाऊ, पॉलिसी झाली."

परशुरामांनी फोन शेजारच्या रिक्षावाल्याच्या हातात दिला. मग एकेक रिक्षावाला फोन हातात घेऊन स्वतःचं नाव सांगू लागला, आणि दीप्ती प्रत्येकाला तेच वाक्य पुन्हा, न कंटाळता, मोठ्याने सांगत राहिली.