वासंतीकाकूंनी शिवलेला नवरा

आमच्या महानगर मोहल्ल्यात बातमी होती की वासंतीकाकूंनी भास्करकाकांना मारून पोत्यात भरलंय. खालच्या मजल्यावरच्या मिश्रा आंटींनी म्हणे खिडकीतून दोन पाय लटकताना पाहिले. खरं तर भास्करकाका बँकेच्या बदलीवर गोरखपूरला होते आणि रोज सकाळी फोनवर बायकोची बोलणी खात होते. पाय कॅनव्हासचे होते.

काकू मार खायला कापडी माणसं शिवतात. ज्याला जो हवा तो, त्याच्या मापाचा. उंची, वजन, ढेरी, कुठला हात आधी उठतो, सगळं विचारून घेतात. एका शिक्षिकेला मुख्याध्यापकांचं टक्कल हवं होतं. पहिल्याच दिवशी तिनं ते लाटण्यानं फोडलं. पोटात स्पीकर असतो. त्यातले आवाज माझे; मी कुणाचीही नक्कल करते, काकूंचीसुद्धा.

वृंदावन योजना वसाहतीतली हेमा आली तेव्हा तिची दोन बोटं वाकडी जुळली होती. नवऱ्यानं दारात घालून चिरडलेली. मागच्या तारखेला त्यानं नुसती हाक मारली आणि कोर्टात तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुन्हा गप्प राहिली तर मुलगी त्याच्याकडे जाणार होती.

मी टेम्पोवाल्यांकडून उचललेल्या खणखणीत शिव्या भरल्या. तो ओरडत नाही, हेमा म्हणाली. मग मारण्याआधी म्हणतो तरी काय, काकूंनी विचारलं.

"आप ज़रा इधर आइए, हेमाजी."

अगदी अदबीनं, विड्याचं पान पुढे करावं तसं. मी तसंच भरलं. ऐकताच हेमा भिंतीला टेकून खाली बसली. ही कोर्टात तोंड उघडत नाही, लावा पैज, मी काकूंना म्हटलं.

"लावली. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

काकूंनी आवाज अगदी बारीक केला, मग रोज थोडा वाढवला. चौथ्या दिवशी पहिली थप्पड बसली. मग बुक्क्या, गुडघे. जबडा उसवला, मान दोनदा तुटली, काकू शिवून परत टांगायच्या, "घे, मार." शेवटी हेमानं त्याचा हात दारात घातला आणि चिंध्या बाहेर येईपर्यंत दार आपटलं.

पुढच्या तारखेला काकू सोबत गेल्या. कोर्टाच्या दाराशीच नवरा हळूच म्हणाला, "हेमाजी, ज़रा इधर आइए." ती वळलीसुद्धा नाही. आत जाऊन, वाकडी बोटं वर धरून, तिनं त्यांच्यावर आपटलेल्या दारापासून सगळं सांगितलं.

आज माझ्या नक्कलबंदीचा बारावा दिवस. काकू मुद्दाम माझ्यासमोर येऊन म्हणतात, "अगं बाई, कुठं तडमडली ही सुई," आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबतात.