तबूकमधली ऑक्टोबर छाटणी

सौदी अरेबियात वसंत ऋतू येतो, यावर माझ्या नाशिकच्या नातेवाइकांचा विश्वास नाही. त्यांच्या मते इथे बाराही महिने वाळू, उंट आणि घाम. आम्ही राहतो ते तबूक देशाच्या पार उत्तरेला आहे, जानेवारीत इथे अंगणातल्या बादलीवर बर्फाची पापडी धरते, हे सांगून सांगून मी थकलो. आता सांगत नाही.

पण वसंत येतो. यंदाही मार्च लागला आणि अंगणातल्या जर्दाळूला फुलं आली. झाडावर पान एक नाही, आणि फांद्या मात्र लग्नघरासारख्या सजलेल्या. वाळून गेलेला पुदिना मातीतून परत वर आला. भिंतीवर एक हुदहुद पक्षी येऊन तुऱ्याची उघडझाप करून गेला. बायकोने खुर्च्या बाहेर काढल्या, स्वेटर घालून उन्हात चहा प्यायली आणि फोटो काढून बहिणीला पाठवले. एकूण सगळे सुखात होते.

मला यातलं काही बघवत नव्हतं. कारण त्याच अंगणात, त्याच भिंतीवर एक द्राक्षवेल होती, आणि ती मी मारली होती.

सविस्तर कबूल करतो. मी नाशिकचा. नाशिकच्या माणसाला द्राक्षातलं कळतं, असं लोक धरून चालतात आणि नाशिकचा माणूस ते खोडून काढत नाही. खरं म्हणजे बाग माझ्या काकांची होती. मी तिथे सुट्टीत जाऊन घड खायचो आणि पोट बिघडवून घ्यायचो, एवढाच माझा शेतीतला अनुभव. नोकरी पंपांच्या देखभालीची. पण नाशकात ऑक्टोबरमध्ये बाग छाटतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात माल निघतो, हे मला पाठ होतं. म्हणून गेल्या ऑक्टोबरात मी तबूकमध्ये कात्री घेऊन वेलीवर चढाई केली.

आमच्या गल्लीतल्या चार-पाच बागा बघणारे चाचा तेव्हा शेजारीच आळं करत होते. रत्नागिरीकडचे, साठीच्या पुढचे, वीस वर्षं तबूकमध्ये. ते म्हणाले, "साहेब, आता नका हो कापू. हिकडं थंडी सरता सरता कापतात. आता कापलीत तर येडी फुटंल आन थंडीत मरंल."

मी म्हणालो, "चाचा, नाशिकची द्राक्षं लंडनला जातात."

"मग ही पण लंडनला नेऊन लावा," चाचा म्हणाले आणि आळं करत राहिले.

वेल फुटली. काय फुटली! पंधरा दिवसांत प्रत्येक डोळ्यातून पोपटी फूट. मी काकांना फोटो पाठवला. जानेवारीत ती सगळी फूट एका आठवड्यात काळी पडली, आणि मार्चात सगळं तबूक हिरवं होत असताना भिंतीवर फक्त सुतळ्यांसारख्या वाळक्या काड्या लोंबत होत्या. "बाबा, इट्स डेड," मुलगी म्हणाली. बायको म्हणाली, "अहो बागायतदार, चहा घ्या."

इथवर हा नुसता गाढवपणा होता. पाप पुढे आहे.

ही वेल घरमालकाच्या आईने लावलेली. आई गेल्यावर त्यांच्याकडे एक रीत पडली: दर वसंतात घरमालक येतो, पहिली कोवळी पानं खुडतो आणि बहिणींकडे नेतो. त्या पानांत भात भरून, शिजवून, सगळी भावंडं एकत्र खातात. त्याप्रमाणे तो शुक्रवारी पिशवी घेऊन आला. वेलीच्या छाटलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, कोणी कापली? बोलता येत नसलं तरी एवढं अरबी मला कळतं.

मी म्हणालो, "बर्द." म्हणजे थंडी.

तो म्हणाला, माझ्या आईच्या वेलीने तीस थंड्या पाहिल्यात. मग त्याने पुदिन्यापाशी काम करत बसलेल्या चाचांकडे पाहिलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी जर्दाळूकडे पाहिलं. फुलं खरंच सुरेख होती.

घरमालक चाचांना एवढंच म्हणाला, "खलास. तुझ्या कफीलशी बोलतो." आणि रिकामी पिशवी घडी करून निघून गेला.

चाचांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा तो, नर्सरीचा मालक, घरमालकाचा जुना दोस्त. त्याची खजुराची एक बाग अल खर्जला, रियाधच्याही खाली. नर्सरीतला जो माणूस मनातून उतरतो त्याची रवानगी तिकडे होते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. "तुम्ही गप्प का बसलात?"

"मला अरबी कुठे येतं?"

"बर्द म्हणायला बरं आलं."

शनिवारी सकाळी चाचा नेहमीच्या वेळी आले. ओरडले असते तर मला सोयीचं झालं असतं. त्यांनी पुदिन्याला पाणी घातलं, जर्दाळूखालचं तण काढलं. निघताना म्हणाले, "खर्जला ऊन लय. पण खजुरावर चढायला शिकेन म्हणतो. साठीत काय, उमर पडलीय."

तेव्हा मी म्हणालो, "चाचा, चला माझ्याबरोबर. मी त्यांना खरं सांगतो."

"चला म्हंजे?"

"मला अरबी येत नाही ना. तुम्हालाच सांगावं लागेल."

चाचांनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजे गुन्हा तुमचा, आळ माझ्यावर, आन कबुली पन मीच द्यायची? वा साहेब, शिकलेला मानूस तो शिकलेला मानूस." पण हात धुऊन निघाले.

घरमालकाकडे पोचलो. रमजान चालू होता, म्हणून कॉफीही पुढे आली नाही. अपराध्याला कोरड्या घशानेच बोलायचं होतं. मी मराठीत म्हणालो, "वेल मी कापली. चाचांनी मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही. आणि काल मी खोटं बोललो." चाचांनी ते अरबीत सांगितलं. निम्म्यातच घरमालकाची नजर त्यांच्यावरून उठून माझ्यावर येऊन बसली.

"का कापलीस?"

मी नाशिकची एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, घड कसा धरतो, हे सगळं समजावलं. पाच मिनिटं तरी गेली असतील. चाचांनी एका वाक्यात आटोपलं.

"काय सांगितलंत?"

"त्यांच्या मुलखात थंडीच नाय, म्हनून अक्कल आली नाय."

मग मी तेही सांगितलं, जे बायको सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं: की मी आयुष्यात कधी वेल छाटली नव्हती. हे ऐकून चाचाच हबकले. "हे पन सांगू?" "सांगा." त्यांनी सांगितलं, आणि मला वाटतं जरा चवीने सांगितलं. शेवटी स्वतःचं एक जोडलं: काल जाता जाता बुंध्याची साल नखाने खरवडून पाहिली, मुळाशी हिरवी आहे. जगेल. पण दोन वर्षं पानं मिळायची नाहीत.

घरमालकाने आमच्यासमोरच कफीलला फोन लावला. अल खर्जचा विषय तीन वाक्यांत मिटला. चाचा मान खाली घालून ऐकत होते; फोन बंद झाल्यावर त्यांनी बाहीने तोंड पुसलं, आणि ते पुसून होईपर्यंत माझी तिकडे बघायची हिंमत झाली नाही. आदल्या रात्री मी शांत झोपलो होतो, हेही इथेच नोंदवतो.

मग घरमालकाने दुसरा नंबर लावला. त्याची थोरली बहीण. पानांची वाट बघत होती. तिला तू सांग, असं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे ठेवला. मी बोललो, चाचांनी अरबीत सांगितलं. पलीकडून जे सुरू झालं ते थांबेचना. आवाज म्हातारा होता, दम नव्हे. मला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. घरमालक छताकडे बघत होता. चाचांनी पहिल्या अर्ध्या मिनिटातच भाषांतर सोडून दिलं.

बाहेर गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"साहेब, रोजा आहे माझा. असलं तोंडून नाय काढनार."

"थोडं तरी सांगा."

चाचांनी पट्टा लावला आणि जरा विचार केला. "शेवटी तुमच्या बायकोला सलाम सांगितलाय. म्हनाली, तिचं कठीन आहे."