तराजूदाजींच्या बाटलीचा भाव

मी आयुष्यभर जे काही लिहिलं ते बाटलीवर चिकटवलं गेलं. 'हलवून घ्या', 'जेवणानंतर', 'पोटात घेऊ नये'. त्यापेक्षा लांब लिहायची मला सवय नाही. पण दाजींबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि ज्यांना बरं लिहिता येतं त्यांनी दाजींना पाहिलेलं नाही. म्हणून नाइलाजानं मीच बसलोय. चुकलंमाकलं गोड मानून घ्यावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, औषधं बनवायची खोली होती. खोकल्याचं औषध आणि लहान मुलांच्या वॉर्डासाठी पातळ औषधं तिथे बनत. बनवणारे दाजी, आणि बाटल्या धुऊन लेबलं लावणारा मी. सगळं हॉस्पिटल दाजींना तोंडावर तराजूकाका म्हणायचं आणि पाठीमागे नुसतं तराजू.

नाव उगाच पडलं नव्हतं. दाजी दिसेल ते तोलायचे. नवी साबणाची वडी आली की तोल, संपत आली की पुन्हा तोल. एकदा ताईनं आणलेली साखर त्यांनी तोलली तर सात ग्रॅमचा फरक निघाला. पुडी घेऊन तडक दुकानात. दुकानदार भांडायच्या तयारीनं उभा राहिला. साखर कमी नव्हती, जास्त होती. दाजी सात ग्रॅम परत द्यायला गेले होते.

तर एके दिवशी नवे हिशेब अधिकारी खोलीत आले. तरुण होते, बोलायला सभ्य. बाकावर रुमाल टाकून बसले.

"काका, ही खोकल्याची बाटली बाहेर अठराला मिळते. तुमची केवढ्याला पडते?"

"तोलून सांगतो," दाजी म्हणाले.

साहेबांनी एक छापील तक्ता दिला आणि आठ दिवसांची मुदत. बाटली अठराच्या वर गेली तर खोली बंद, आणि दाजींची बदली वरच्या औषधाच्या खिडकीवर. शिवाय तेवढे आठ दिवस मुलांच्या वॉर्डात बाहेरची औषधं, त्यांचीही बाटली अठरालाच, वापरून बघायची, असंही ठरलं.

खिडकीचं नाव काढताच दाजींचा चेहरा उतरला. पूर्वी एकदा एका दिवसापुरतं त्यांना तिथे बसवलं होतं. प्रत्येक माणसाला चमचा किती भरायचा, तो डोळ्यांच्या रेषेत कसा धरायचा, हे ते करून दाखवत आणि मग त्याच्याकडून करून घेत. दुपारपर्यंत अकरा जणांना औषध मिळालं आणि रांग फाटकाबाहेर गेली. शेवटी एक म्हातारी ओरडली, "अहो, मला खोकला आहे, परीक्षा द्यायची नाही!" दाजी त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

ताईचं तिसरंच. ती मला म्हणाली, "खिडकी त्यांना झेपायची नाही. ते राजीनामा देऊन घरी बसतील, आणि मग मी हॉस्पिटलात भरती होईन."

आम्ही तक्ता भरायला घेतला. माल, बाटली, बूच, आमचे पगार. मी बेरीज केली, चौदा आली. मला इतका आनंद झाला की मी पेन बंद करून खिशात ठेवलं.

"काढ ते बाहेर," दाजी म्हणाले. "गॅस राहिला. धुवायचं पाणी राहिलं. साबण."

"दाजी, साबण कोण विचारतंय?"

"तो झिजतो. पंख्याची वीजही लिही. पण तोलताना पूड उडते म्हणून पंखा बंद असतो, तेवढी वजा कर."

मग डिंक आला. स्टुलाची झीज आली. मग दाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली.

"मागच्या महिन्यात तू तीन बाटल्या फोडल्यास."

"ते कुणाला माहीत आहे?"

"मला."

तीन बाटल्या लिहिल्या. बेरीज साडेएकवीस झाली. मी दोनदा करून पाहिली, दुसऱ्यांदा दोन पैशांनी वाढली. दाजींनी तीच खरी धरली.

ताईला कळल्यावर तिनं कपाळावर हात मारून घेतला. "सात ग्रॅम साखर परत केलीत, आता नोकरी परत करून या!"

दाजी म्हणाले, "आहे ते आहे." पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

आठव्या दिवशी सकाळी मुलांच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर खोलीत आल्या. त्यांचा आवाज असा की बाळं आधी रडायची थांबत आणि मग दुप्पट रडत. त्यांच्या हातात बादली होती, बादलीत बाटल्या.

"तराजूकाका, तुमची चिमुकली बाटली कधी सुरू होणार? बाहेरची ही बघा केवढी! एवढ्याशा पोराला दिवसाला दोन थेंब लागतात. बूच उघडलं की आठ दिवसांत संपवायची, नाहीतर टाकायची. पोर काय आंघोळ करणार आहे त्यात? आज सगळ्या ओतून टाकायला निघालेय."

दाजी ताडकन उठले. "ओतू नका!"

"का? पिणार का तुम्ही?"

"तोलायचंय."

पुढचे दोन तास दाजींनी एकेक बाटली मापात ओतून मोजली. बादलीच्या तळाशी कुणीतरी टाकलेला कापसाचा बोळा होता, त्यात किती मुरलं असेल तेही पिळून मोजलं. सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत होत्या. शंभर भागांतले ब्याऐंशी भाग बादलीत निघाले. पोरांच्या पोटात गेले फक्त अठरा.

"म्हणजे पोटात गेलेलं औषध पाहिलं," दाजी हळूच म्हणाले, "तर अठराची बाटली शंभराला पडली."

मी टाळी वाजवली. दाजींनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "आपलंही उरतं. तेही मोजायला हवं."

मुलांसाठी आम्ही बनवायचो त्या औषधाचा खर्चही आदल्या दिवशी मांडून झाला होता. तेवढ्याच औषधाला साडेएकवीसच. आमच्या बाटल्या लहान, हव्या तेवढ्याच भरलेल्या. वॉर्डाच्या कपाटात मागच्या आठवड्याच्या उरलेल्या होत्या, त्या आणून मोजल्या. शंभरात सात भाग वाया. आमचा भाव साडेएकवीसवरून तेवीसच्या जरा वर गेला. दाजींनी तो मुकाट्यानं लिहिला.

दुपारी साहेब आले. दाजींनी तक्ता पुढे केला. साहेब वाचता वाचता थांबले.

"काका, खोकल्याच्या औषधापुढे तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'बाहेरून घ्यावे'?"

मी टेबलाखालून दाजींच्या पायाला पाय लावला. दाजींनी पाय बाजूला घेतला.

"मोठी माणसं बाटली संपवतात. त्यात बाहेरचं स्वस्त आहे, ते घ्या. मुलांचं मात्र इथेच बनवा. बादली बाहेर ठेवलीय, हवी तर परत मोजा."

साहेबांनी बादलीत डोकावून पाहिलं. सिस्टर दारातच उभ्या होत्या, त्यामुळे ते लगेच म्हणाले, "नको नको, विश्वास आहे." मग पुन्हा तक्त्याकडे वळले. "आणि ही शेवटची ओळ कसली? 'हिशेब करण्याचा खर्च'?"

"तुमचा आठ दिवसांचा पगार," दाजी म्हणाले. "तो कुठल्यातरी बाटलीत घालायलाच हवा ना! आमच्यावर निम्मा, बाहेरच्यावर निम्मा लावलाय. अन्याय नको."

सिस्टर इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या खोलीत कपडे धुणारा साबणाच्या हातांनी बघायला आला. साहेब कानापर्यंत लाल झाले. ती ओळ त्यांनी खोडली नाही, हे मात्र सांगायला हवं. खाली सही केली. खोकल्याचं औषध बंद झालं, खोली मुलांच्या औषधांसाठी राहिली, आणि दाजी स्टुलावर राहिले. माझी लेबलं निम्म्यावर आली, पण अक्षर सुधारलं असं सिस्टर म्हणायच्या.

संध्याकाळी मी दाजींबरोबर घरी गेलो. ताई दारातच होती.

"खोली राहिली," दाजी म्हणाले.

ताईनं आत जाऊन चहा टाकला आणि डब्यातून साखरेचा चमचा शीग लावून, न मोजता, पातेल्यात ओतला. दाजी बघत होते. मला वाटलं, आता उठतील. पण ते जागचे हलले नाहीत.

फक्त ताईची पाठ वळल्यावर त्यांनी साखरेचा डबा उचलला, हातातल्या हातात जरा झुलवून पाहिला, आणि परत जागेवर ठेवला.